बारावी शाळेची की कॉलेजची?

रोहा आणि अष्टमी ही रायगड जिल्ह्यातील, कुंडलिका नदीच्या दोन काठांवरची जोडगावे. दोघांची मिळून नगरपरिषद एकच आहे. अष्टमीतल्या एखाद्या अकरावीच्या मुलीला 'सध्या काय करतेस?' असे विचारले, तर ती सांगेल, 'कॉलेजात आहे.' घरचेही तेच सांगतील. दहावीपर्यंत शाळा आणि अकरावीपासून कॉलेज, ही वाटणी महाराष्ट्रात सर्वांच्या बोलण्यात पक्की बसली आहे. पण या दोन वर्षांत ही मुलगी जे शिकेल त्यातले विद्यापीठाच्या खात्यावर किती जमा होईल? काहीही नाही. तिचा अभ्यासक्रम शालेय, परीक्षा राज्य मंडळाची. पदवीच्या पहिल्या वर्षाला ती जाईल तेव्हा तिची पाटी कोरी असेल.

आता तिच्याच वयाचा, अमेरिकेत न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातला एखादा मुलगा घ्या. तो सांगेल, 'शाळेत आहे.' पण त्या शाळेच्या बाकावर बसून त्याने गणिताच्या किंवा रसायनशास्त्राच्या एखाद्या कॉलेज-अभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळवलेले असण्याची चांगली शक्यता आहे. पुढे कॉलेजात गेल्यावर तो अभ्यासक्रम त्याला पुन्हा करावा लागत नाही.

म्हणजे एक कॉलेजात बसून शाळा शिकते आणि दुसरा शाळेत बसून कॉलेज शिकतो! ही नुसती शब्दांची गंमत नाही. एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचणार की वाया जाणार, वसतिगृहाचा वर्षभराचा खर्च करावा लागणार की टळणार, आणि आपल्याला रसायनशास्त्र झेपते की नाही हे त्याला प्रवेशाआधी कळणार की नंतर, असे अनेक प्रश्न तिच्यात गुंतले आहेत. म्हणून शाळेत असताना कॉलेजचा श्रेयांक मिळवणे म्हणजे नेमके काय, ते कोठे आणि कसे चालते, आणि आपल्याकडे ते होऊ शकेल का, हे आपण क्रमाने पाहू.

श्रेयांक म्हणजे काय?

गुण आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. विद्यार्थ्याने किती चांगले काम केले हे गुण सांगतात. किती काम केले हे मात्र त्यांतून कळत नाही. चार पानांच्या धड्यावरही शंभरपैकी ऐंशी गुण मिळू शकतात आणि चारशे पानांच्या ग्रंथावरही. क्रेडिट म्हणजेच श्रेयांक ही कामाच्या परिमाणाची नोंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत एका सत्रातील व्याख्यानांचे १५ तास म्हणजे १ श्रेयांक, तर प्रयोगशाळेतील कामाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात.

तासांनी शिक्षण मोजण्याची ही पद्धत कोठून आली? तिचा उगम शाळा आणि कॉलेज यांच्या सांध्यावरच झाला आहे. १९०५ साली अमेरिकेतील पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक निधी स्थापन केला. मग प्रश्न आला : 'महाविद्यालय' म्हणायचे कोणाला? त्या काळी तिकडच्या अनेक महाविद्यालयांत आणि माध्यमिक शाळांत फारसा फरक नव्हता. तेव्हा कार्नेगी प्रतिष्ठानाने एक अट घातली. जी संस्था माध्यमिक शाळेतील किमान १४ एकके पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यालाच प्रवेश देते ती महाविद्यालय. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास. प्राध्यापकांच्या पेन्शनपायी शाळेच्या तासांची मोजणी सुरू झाली आणि शाळा कोठे संपते व कॉलेज कोठे सुरू होते याची रेषा त्या मोजणीने आखली गेली.

आपल्याकडची रेषा

आपल्याकडची रेषा मात्र एका जागी कधीच स्थिर राहिलेली नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही शाळेच्या शेवटी द्यायची परीक्षा असली तरी ती विद्यापीठाची परीक्षा होती. पेपर विद्यापीठाचा, तपासणी विद्यापीठाची आणि निकालही विद्यापीठाचा. रायगड जिल्ह्यातले, नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले ते मुंबई विद्यापीठात. हेच चिंतामणराव पुढे १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आज श्रेयांकांचे नियम करणारा आयोग तो हाच.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कायद्याने शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे देण्यात आली. शाळेची परीक्षा शाळेच्या गरजांनुसार व्हावी, सगळी मुले काही विद्यापीठात जाणार नाहीत, असा त्यामागचा विचार होता व तो रास्तही होता. पण त्याबरोबर शाळा आणि विद्यापीठ यांच्यातला एक धागा तुटला. शाळेत काय शिकवले जाते हे पाहण्याचे विद्यापीठाला कारण उरले नाही.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा आहे. त्यासाठी एक साधी बेरीज करू. जुन्या पद्धतीत अकरा वर्षे शाळा आणि मग चार वर्षे कॉलेज : ११ + ४ = १५. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींनंतर महाराष्ट्राने १९७५च्या सुमारास नवा आकृतिबंध स्वीकारला : १० + २ + ३ = १५. एकूण वर्षे तेवढीच राहिली. पण जुन्या पद्धतीतले बारावे वर्ष पाहा. ते कॉलेजचे पहिले वर्ष होते आणि विद्यापीठाच्या चार वर्षांत मोजले जात होते. नव्या पद्धतीत तेच बारावे वर्ष 'बारावी' झाले आणि मंडळाकडे गेले. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा 'जुनी अकरावी' झालेले असतील, त्यांनी घरी विचारून पाहावे. सतराव्या वर्षी ते कॉलेजात बसले ते विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून. आजचा सतरा वर्षांचा विद्यार्थी त्याच इमारतीत, कदाचित त्याच बाकावर बसतो, पण विद्यापीठाच्या दृष्टीने तो अजून आलेलाच नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. शाळा आणि कॉलेज यांमधली रेषा काही निसर्गाने आखलेली नाही. सतराव्या वर्षी मेंदूत एखादा बदल होतो आणि मग विद्यार्थी कॉलेजचे शिकण्यास योग्य होतो, असे नाही. ही रेषा कारभाराच्या सोयीने आखलेली आहे आणि लोकांच्या आठवणीतच ती एक वर्षाने सरकली आहे. मग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, प्रत्येक विषयात, ती एकाच जागी असावी का?

परदेशातील दोन वाटा

हा प्रश्न अमेरिकेत १९५०च्या दशकात विचारला गेला. काही नामांकित शाळांतील आणि कॉलेजांतील शिक्षकांनी अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा शाळेचे शेवटचे वर्ष आणि कॉलेजचे पहिले वर्ष यांत बरीच पुनरावृत्ती आढळली. त्यातून 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', म्हणजे ए.पी., ही योजना निघाली. कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेने १९५६ साली तिची परीक्षा देशभर घेतली तेव्हा १०४ शाळांतून १,२२९ विद्यार्थी बसले होते. आज दरवर्षी २५ लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात.

या योजनेत विद्यार्थी शाळेतच राहतो, शाळेच्याच शिक्षकाकडून शिकतो. मे महिन्यात एक सामाईक परीक्षा होते. दीर्घोत्तरी प्रश्न तपासण्यासाठी कॉलेजचे प्राध्यापक आणि अनुभवी शालेय शिक्षक एकत्र काम करतात. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. किती श्रेणीला श्रेयांक द्यायचे, किंवा द्यायचेच नाहीत, हे ज्याचे ते कॉलेज ठरवते.

येथे विज्ञानाच्या शिक्षकाला पडावा असा प्रश्न आहे : 'शाळेतल्या मुलाची ४ श्रेणी म्हणजे कॉलेजातले चांगले काम' हे ठरवले कसे? नव्या तापमापकावर आपण खुणा कशा करतो ते आठवा. तो वितळत्या बर्फात ठेवतो, उकळत्या पाण्याच्या वाफेत ठेवतो, आणि मगच त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवतो. परीक्षेचेही तसेच करावे लागते. त्याच परीक्षेतले प्रश्न प्रत्यक्ष कॉलेजात तो विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना घातले जातात. समजा, कॉलेजात चांगल्या श्रेणीने उत्तीर्ण होणाऱ्यांना त्या प्रश्नांत सरासरी ६० गुण पडले, तर शाळेत ६० मिळवणाऱ्याला त्यांच्या बरोबरीचा मानता येईल. असे अंशांकन केल्याशिवाय श्रेणी हा नुसता आकडा असतो.

दुसरी वाट दुहेरी नावनोंदणीची. विद्यार्थ्याचे नाव शाळेतही आणि कॉलेजातही असते. १९७२ साली न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाकडे आसपासच्या शाळांचे अधिकारी एक तक्रार घेऊन गेले : शेवटच्या वर्षात हुशार मुलांना करण्याजोगे काही उरत नाही, ती कंटाळतात. विद्यापीठाने उपाय काढला. शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे, त्यांनी शाळेतच विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवायचा आणि यशस्वी विद्यार्थ्याला विद्यापीठाने श्रेयांक द्यायचे. पुढे १९८५ साली मिनेसोटा राज्याने कायदाच केला. शाळेतल्या वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्याने कॉलेजात जाऊन एखादा अभ्यासक्रम घेतला तर त्याचा खर्च राज्य देऊ लागले.

पहिल्या वाटेत विश्वास ठेवला जातो तो परीक्षेवर, दुसरीत शिक्षकावर. दोन्ही वाटांवर अडचणी आल्या आहेत. डार्टमथ कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाने ए.पी.त सर्वोच्च, म्हणजे ५ श्रेणी मिळवून आलेल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांची आपल्या पहिल्या अभ्यासक्रमावर आधारित छोटी परीक्षा घेतली. त्यांतले सुमारे ९० टक्के अनुत्तीर्ण झाले. कॉलेज बोर्डाने या तुलनेवर आक्षेप घेतला, पण २०१४ साली दाखल झालेल्या तुकडीपासून डार्टमथने ए.पी.साठी श्रेयांक देणे बंद केले. तासांची संख्या जुळली तरी पातळी जुळली असे होत नाही, हा यातला धडा.

आपल्याच अंगणातला नमुना

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे का? मुळीच नाही. महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षा होतात. शाळेत शिकणारी लक्षावधी मुले त्या देत आली आहेत. शाळेच्या वार्षिक परीक्षेशी त्यांचा संबंध नसतो. पेपर बाहेरचा, तपासणी बाहेरची. आणि इंटरमिजिएटचे प्रमाणपत्र पुढे कलाशिक्षणाच्या वाटेवर उपयोगी पडते.

संगीताचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पाहा : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारद. मुलगी सातवीत आहे की नववीत, याच्याशी तिच्या 'मध्यमा'चा काही संबंध नसतो. गळा तयार झाला, रागांचा अभ्यास झाला, की तिने पुढच्या परीक्षेला बसावे. गणितात मात्र त्याच मुलीला वर्गातल्या बाकीच्यांबरोबरच चालावे लागते. यमन राग वयाप्रमाणे शिकवावा असे कोणी म्हणत नाही. मग समीकरणे वयाप्रमाणेच शिकवली पाहिजेत असे आपण का धरून चालतो?

गणित-विज्ञानात आपल्याकडे हुशार मुलांसाठी पुष्कळ काम झाले आहे, हे खरे. १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले आणि आज ऑलिंपियाडची तयारी तेथे होते. १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे राहिले. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेने अनेकांना शिष्यवृत्ती दिली. या सर्वांनी विद्यार्थ्यांचे ज्ञान समृद्ध केले. पण त्या ज्ञानाची नोंद विद्यापीठाच्या वहीत झाली नाही. ऑलिंपियाडसाठी पदवीच्या पातळीचा संख्या-सिद्धान्त शिकलेला मुलगाही पदवीच्या पहिल्या वर्गात पहिल्या दिवसापासूनच बसतो.

नवी शिडी : तास आणि पातळी

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर परिस्थिती बदलू लागली आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' म्हणजे श्रेयांकांची पेढी सुरू केली. पैसे जसे बँकेत ठेवतो तसे मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर राहतात. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला आणि त्यात प्रथमच शाळा, कॉलेज आणि व्यवसायशिक्षण यांची एकच शिडी मांडण्यात आली.

या शिडीची रचना समजून घेण्यासारखी आहे. वर्षाचे अध्ययनाचे १,२०० तास धरले आहेत. त्यांत वर्गातले, प्रयोगशाळेतले आणि स्वतः अभ्यास करण्याचे असे सर्व तास आले. ३० तासांना १ श्रेयांक, म्हणजे वर्षाला ४० श्रेयांक. (वर म्हटलेले १५ तास केवळ व्याख्यानांचे. त्यांच्या जोडीचा घरचा अभ्यास धरला की दोन्ही हिशेब जवळ येतात.) याशिवाय प्रत्येक वर्षाला एक पातळी दिली आहे. पाचवी उत्तीर्ण म्हणजे पातळी १, आठवी म्हणजे २, दहावी म्हणजे ३, बारावी म्हणजे ४, पदवीचे पहिले वर्ष ४.५ आणि अशी ती पीएच.डी.च्या ८ पर्यंत जाते. श्रेयांकांना पातळीने गुणले की श्रेयगुण मिळतात. बारावीचे ४० × ४ = १६०, तर पदवीच्या पहिल्या वर्षाचे ४० × ४.५ = १८०.

अष्टमीतल्या आपल्या विद्यार्थिनीला याचा काय उपयोग? नीट पाहिले तर कळेल की आराखड्याने तिच्या बारावीलाही ४० श्रेयांक दिले, पण ते पातळी ४ चे. त्यांमुळे पदवीच्या १२० मधून एकही कमी होत नाही. बारावीत असतानाच कॉलेजचा श्रेयांक मिळवायचा तर तिला ४.५ पातळीचा अभ्यासक्रम करावा लागेल. आणि तेथे जुनी भिंत आडवी येते. पदवीच्या अभ्यासक्रमाला नाव घालायचे तर आधी बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. मद्रास आयआयटीचा २०२० साली सुरू झालेला ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम पुष्कळ लवचीक म्हणून ओळखला जातो. त्याची पात्रता फेरी अकरावीची परीक्षा दिलेल्यालाही देता येते, पण प्रत्यक्ष अभ्यासक्रम सुरू होतो तो बारावीनंतरच. आयआयटींचे एनपीटीईएलवरील किंवा 'स्वयम्'वरील वर्ग कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. पण त्यांचे श्रेयांक मोजायचे की नाही, हे पुढे प्रवेश देणारी संस्था ठरवते.

येथे रोह्याचेच एक उदाहरण उपयोगी पडेल. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. तेथवर मध्य रेल्वे, तेथून पुढे कोकण रेल्वे. व्यवस्थापन बदलते, कर्मचारी बदलतात, हिशेब वेगळे होतात. पण मुंबईहून रत्नागिरीला जाणाऱ्या प्रवाशाला रोह्याला उतरून नवे तिकीट काढावे लागत नाही. हे शक्य होते दोन कारणांनी. एक, दोन्हीकडच्या रुळांची रुंदी एकच आहे. दुसरे, एकीचे तिकीट दुसरीने मानायचे असा दोघींचा करार आहे. श्रेयांक आराखड्याने रुळांची रुंदी ठरवून दिली आहे. करार अजून व्हायचा आहे.

सावधगिरी कोठे हवी?

करार घाईने होऊ नये असे आम्हांला वाटते. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण पातळीचे. बारावीत विद्यार्थी पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन करतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षीही करतो. ब्युरेट तेच, रंग तोच. बारावीत तीन वाचने जुळली की सूत्रात घालून उत्तर काढायचे. पदवीच्या वर्गात विचारले पाहिजे ते असे : येथे वेगळा दर्शक का लागला नाही? ब्युरेटच्या वाचनात ०.०५ मिलिलिटरची चूक असेल तर उत्तरात किती चूक येईल? धड्याचे नाव सारखे म्हणून श्रेयांक दिला, तर डार्टमथला जे दिसले तेच आपल्याला दिसेल. आणि खरे सांगायचे तर पदवीच्या वर्गातही हे प्रश्न विचारले जात नसतील, तर ४.५ हा आकडा तेथेही नावापुरताच आहे. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या प्रयोगशाळेत उपयोग होतो तो दुसऱ्या प्रकारच्या शिकण्याचा.

दुसरे कारण फळाच्या मोजमापाचे. ए.पी. घेतलेले विद्यार्थी पुढे कॉलेजात अधिक यशस्वी होतात असे आढळते. पण ते ए.पी.मुळे, की मुळातच हुशार आणि सधन घरची मुले ए.पी. घेतात म्हणून? प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या शिकवणीवर्गाचा निकाल चांगला लागला, तर श्रेय शिकवणीचे किती आणि निवडीचे किती, हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे. दोन्ही कारणे वेगळी करता आली नाहीत तोवर योजनेच्या यशाचे मोठे दावे करू नयेत.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ते संधीचे. ए.पी. परीक्षेची फी एका विषयाला सुमारे १०० डॉलर आहे आणि प्रत्येक शाळेत प्रत्येक विषय शिकवला जात नाही. आपल्याकडे अशी योजना केवळ मुंबई-पुण्याच्या निवडक शाळांत आली, तर पुढे असलेले आणखी पुढे जातील आणि तिचा शिकवणीवर्गांना एक नवा विषय मिळेल इतकाच परिणाम होईल. तिची खरी गरज आहे ती अष्टमीसारख्या ठिकाणी. जिच्या घरात कोणी पदवीधर नाही, त्या मुलीला बारावीतच कॉलेजचा एक अभ्यासक्रम स्वतः पार करता आला, तर 'मला हे जमते' हा पुरावा तिच्या हाती येतो. घरच्यांना पटवायला तो गुणपत्रिकेहून अधिक उपयोगी पडेल. आणि जमले नाही, तर तेही वेळेवर, कमी खर्चात कळते.

सुरुवात कोठून करावी?

याकरिता सरकारी आदेशाची वाट पाहत बसायला नको. महाराष्ट्राला एक मोठी सोय आहे. आपली बहुतेक कनिष्ठ महाविद्यालये एक तर शाळेला जोडलेली आहेत, नाही तर पदवी महाविद्यालयाला. सिरॅक्यूजच्या प्राध्यापकांना शाळांपर्यंत जावे लागले. आपल्याकडे बारावीचा शिक्षक आणि पदवीचा प्राध्यापक कित्येक ठिकाणी एकाच जिन्याने वर चढतात. रायगड जिल्ह्यात तर लोणेऱ्याला १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. एखाद्या विद्यापीठाने एकाच विषयातला, २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम जिल्ह्यातल्या बारावीच्या इच्छुक विद्यार्थ्यांना खुला करावा, परीक्षा आपल्याच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर घ्यावी, आणि उत्तीर्ण झालेल्याचे श्रेयांक तो पुढे पदवीला येईपर्यंत राखून ठेवावेत. एवढ्यावरूनही पुष्कळ कळेल.

त्याआधी शिक्षकांना स्वतः करून पाहता येईल असा एक प्रयोग सुचवतो. तुमच्या विषयातला एक असा घटक निवडा की जो बारावीतही आहे आणि पदवीच्या पहिल्या वर्षातही. गणितात अवकलन, भौतिकीत वर्तुळाकार गती, अर्थशास्त्रात मागणीची लवचीकता, असे घटक पुष्कळ आहेत. जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांबरोबर बसून त्यावर दहा प्रश्न काढा. पाच प्रश्न सूत्र वापरण्याचे, पाच कारण विचारणारे. हीच प्रश्नपत्रिका बारावीच्या वर्गाला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला तो घटक शिकवून झाल्यावर द्या. उत्तरपत्रिकांवर नाव नको, वर्ग नको, फक्त क्रमांक. त्या सरमिसळ करून दोन्हीकडच्या शिक्षकांनी तपासाव्यात. मग गुण दोन रकान्यांत मांडा आणि सूत्राच्या प्रश्नांचे व कारणांच्या प्रश्नांचे वेगवेगळे पाहा.

निकाल तीन प्रकारचे येऊ शकतील. दोन्ही रकान्यांत फारसा फरक नसेल, तर पदवीच्या वर्गात तो घटक पुन्हा शिकवण्यात विद्यार्थ्यांचा वेळ जातो आहे. सूत्रांत फरक नाही पण कारणांत आहे, असे दिसले तर पदवीच्या वर्षाने काहीतरी भर घातली आहे आणि ती भर नेमकी कोणती हे तुमच्या हाती आले. आणि बारावीतल्या काही थोड्या उत्तरपत्रिका पदवीच्या वर्गाच्या सरासरीच्याही वर गेल्या, तर ते क्रमांक पाहा आणि ती मुले शोधून काढा. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ती हीच. त्यांतले एखादे अष्टमीसारख्या गावातून रोज पूल ओलांडून येत असेल. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवायचे की नाही, हे त्या दिवशी दोन्ही वर्गांच्या शिक्षकांना समोरासमोर बसून ठरवता येईल.